पोट दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला भीतीबद्दलही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा उघडल्या की माझ्या दवाखान्यात सकाळी एक ठराविक गर्दी होते. मुलाच्या अंगावर गणवेश, दप्तर वडिलांच्या खांद्याला, आणि आई सांगत असते, "रात्री नीट जेवला, सकाळी आवरेपर्यंत काही नव्हतं, निघायच्या वेळेला पोट धरून खाली बसला." मी बार्शीत बालरोगतज्ज्ञ आहे. या मुलांपैकी कित्येकांना बद्धकोष्ठ असतं, लघवीत जंतुसंसर्ग असतो, जंत असतात. त्यांना औषध मिळतं, ती बरी होतात. हे पत्र उरलेल्या मुलांसाठी आहे.

उरलेल्या मुलांना "तुला कशाची भीती वाटते का?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, पैसे खर्च झाले, घरचे वैतागले, की मग कुणीतरी म्हणतं, "मनाचं असेल." तोवर मुलाला त्याचा एकच अर्थ कळतो, आपण खोटं बोलतोय असं सगळ्यांना वाटतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्न पहिल्या भेटीत, पोट तपासताना विचारला पाहिजे. आणि तो विचारायचीही एक पद्धत आहे, ती शिकता येते.

एका मुलाचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगा पाचवीतला. चौथीपर्यंत वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत होता, आता एसटीने शहरातल्या हायस्कुलात. घरच्यांनी आणलेल्या पिशवीत जाड फाईल होती. दोन सोनोग्राफ्या, रक्त-लघवीच्या तपासण्या, जंताची औषधं, आम्लपित्ताची सिरपं. मधे कुणीतरी बेंबी सरकली म्हणून ती बसवून दिली होती, आजीने दृष्ट काढली होती. त्याबद्दल मी कुणाला बोलत नाही. लेकरू कळवळायला लागलं की घरातली माणसं सुचेल ते करतात. पण सोनोग्राफीत "आतड्यांजवळ लहान गाठी" असं लिहून आलं होतं, आणि गाठी हा शब्द ऐकल्यापासून वडिलांची झोप उडाली होती. त्यांच्या मनात टीबी बसला होता. अशा बारीक गाठी ठणठणीत मुलांतही सोनोग्राफीत दिसतात. मुलाचं वजन वाढत असेल, ताप नसेल, तर नुसत्या तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे त्यांना नीट बसवून कुणी सांगितलं नव्हतं.

मी वजन-उंचीचा तक्ता काढला. दोन्ही वाढत होतं. दुखण्यामुळे रात्री जाग येत नव्हती, उलटी हिरवी नव्हती, शौचात रक्त नव्हतं. "कुठे दुखतं, एका बोटाने दाखव" म्हटल्यावर त्याने बोट बेंबीवर ठेवलं. ब्रिस्टलच्या डॉ. जॉन ॲप्ली यांनी १९५८ साली एका सहकाऱ्याबरोबर १००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली होती. वारंवार पोट दुखणारी मुलं त्यात दहात एकाहून किंचित जास्त निघाली. दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकी शारीरिक कारण सापडण्याची शक्यता जास्त, हा त्यांचा ठोकताळा आम्ही बालरोगवाले अजून वापरतो. ठोकताळाच आहे तो, बोट बेंबीवर आहे म्हणून तपासणी सोडून द्यायची नसते. पण पुढचा प्रश्न विचारायला तो पुरेसा आहे.

पुढचा प्रश्न होता, "रविवारी दुखतं का?" घरचे एकमेकांकडे बघायला लागले. रविवारी दुखत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत दुखलं नव्हतं. मी वर्गशिक्षकांना विनंती करून हजेरीपत्रकाची झेरॉक्स मागवली. गैरहजेरी सोमवारी, आणि सणाच्या सुट्टीनंतरच्या दिवशी. त्याच कागदाच्या मागे बाईंनी आपणहून दोन ओळी लिहिल्या होत्या, मधल्या सुट्टीत हा रोज शिपाईमामांचा फोन मागून घरी लावतो. माझ्या अनुभवात हजेरीपत्रकाइतकं उपयोगी कागदपत्र या आजारात दुसरं नाही. ते प्रत्येक शाळेत आहे, फुकट आहे, आणि ते वाचायला डॉक्टर लागत नाही.

घरच्यांना वाटत होतं की शाळेत कुणी मारतंय. मी आई-वडिलांना बाहेर बसवलं आणि मुलाशी एकट्याशी बोलले. आधी क्रिकेट, मग एसटीची गर्दी, मग घरची शेळी. मग विचारलं, "सकाळी पोटात दुखायला लागतं, तेव्हा मनात काय चाललेलं असतं?" बराच वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, "मी शाळेत असताना आईला काही झालं तर?" उन्हाळ्यात आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. तो घाबरेल म्हणून त्याला काही न सांगता मावशीकडे पाठवलं होतं. परत आला तेव्हा आई अंथरुणावर होती. तेव्हापासून तो आईच्या अंगावर हात टाकून झोपत होता, आणि घरच्यांना ते नुसतं लाडाचं वाटत होतं.

याला सेपरेशन अँग्झायटी, म्हणजे जवळच्या माणसापासून दूर होण्याची भीती, म्हणतात. हा चिंताविकाराचा एक प्रकार आहे, आणि त्याचे निकष ठरलेले आहेत. मुलांमध्ये अशी भीती किमान चार आठवडे टिकलेली असावी, वयाच्या मानाने जास्त असावी, आणि तिच्यामुळे शाळा, झोप, खेळ यांत खोट येत असावी. सोशल अँग्झायटीसाठी, म्हणजे लोक काय म्हणतील या भीतीच्या विकारासाठी, आणि कायम कसली ना कसली काळजी करत राहण्याच्या विकारासाठी सहा महिने हा कालावधी धरतात. मुदत महत्त्वाची आहे. कारण भीती हा बालपणाचा भागच आहे. आठ-नऊ महिन्यांचं बाळ परक्याकडे गेलं की रडतं, चार वर्षांच्या मुलाला अंधार आणि भूत नको असतं, सातवीतल्या मुलीला मैत्रिणी काय म्हणतील याची धास्ती असते. यातलं काहीही आजार नाही. सीनियर केजीतलं मूल पहिल्या आठवड्यात रडलं म्हणून त्याला माझ्याकडे आणू नका, बाईंकडे सोपवा आणि मागे न बघता निघा. जानेवारीतही तसंच रडत असेल, तेव्हा मात्र या.

पाचवीतल्या त्या मुलाने निदान पोट धरून आपल्याकडे लक्ष तरी वेधलं. मला जास्त काळजी वाटते ती ज्यांना कुणी सहसा डॉक्टरकडे आणत नाही त्यांची.

अशी एक मुलगी पहिलीत होती. घरी अखंड बडबड, शाळेत एक शब्द नाही. हजेरीला "यस बाई" सुद्धा नाही. लघवी लागली तरी सांगायची नाही, तिथेच व्हायची. वर्गातली मुलं तिला मुकी म्हणायला लागली होती, शाळेला ती हट्टी वाटत होती. आईने मोबाईलवर घरातला व्हिडिओ दाखवला, त्यात ती भावाला दटावून अभ्यासाला बसवत होती. आम्ही आधी कानांची तपासणी करून घेतली, ती चांगली निघाली. हा सिलेक्टिव्ह म्यूटिझम, म्हणजे घरी बोलणाऱ्या मुलाची ठराविक ठिकाणी भीतीने वाचा बंद होणं. शाळेचा पहिला महिना सोडून, महिनाभराहून जास्त असं चाललं तर हे नाव देतात. यात एक खबरदारी लागते. सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी कितीतरी कुटुंबं आहेत. त्या घरातलं मूल मराठी शाळेत सुरुवातीला गप्प बसलं, तर ते भाषा कानावर पडण्याची वाट बघत असतं. त्याला आजाराचं नाव चिकटवणं अन्याय आहे. म्हणून आधी विचारायचं, घरच्या भाषेत, शेजारच्या परक्या माणसाशी ते बोलतं का?

आणखी एक, आठवीतली. वर्गात पहिली येणारी. डोकेदुखीसाठी आली होती, चष्म्याचा नंबर तपासून झाला होता. वहीचं पान आवडलं नाही तर फाडून पुन्हा लिहायची, रात्री बारापर्यंत. "मी नापास झाले तर?", "बाबांची नोकरी गेली तर?", "उद्या बाई रागावल्या तर?" असं घरात दिवसभर चालायचं, आणि प्रत्येक वेळी आई समजूत घालायची. समजूत पाच मिनिटं टिकायची. घरच्यांना ती अभ्यासू वाटत होती, शाळेला आदर्श. तिच्याबद्दल तक्रार कोण करणार? एनसीईआरटीने २०२२ साली सहावी ते बारावीच्या पावणेचार लाखांहून जास्त विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यात ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही चिंतेची कारणं सांगितली. एवढ्या गर्दीत, जिची चिंता आजारापर्यंत गेली आहे ती मुलगी सहज हरवते. ओळखायची खूण अशी की निकाल चांगला लागूनही तिची काळजी कमी होत नाही, लगेच पुढच्या गोष्टीवर जाऊन बसते.

आता मूल्यमापनाबद्दल. पालकांनी आणि माझ्या व्यवसायातल्या तरुण मित्रांनीही हा भाग वाचावा असं वाटतं.

शरीराची तपासणी आधी आणि नीट. धडधड होते, हात कापतात, अशी तक्रार असेल तर थायरॉईड, रक्ताक्षय, हृदयाचे ठोके बघायचे. पळताना चक्कर येऊन पडलेल्या मुलाचा ईसीजी काढल्याशिवाय "घाबरतो" म्हणायचं नाही. दम्याच्या मुलाला साल्ब्युटामॉलचं सिरप चालू असेल तर त्यानेही हात कापतात आणि छाती धडधडते. औषधांची पिशवी उलटी करून बघितल्याशिवाय हे कळत नाही.

मग बोलणं. पालकांशी वेगळं, मुलाशी वेगळं. दोघांच्या सांगण्यात फरक पडतो आणि तो पडणारच. झोप, जेवण, आदळआपट हे पालक चांगलं सांगतात. मनातली भीती फक्त मूलच सांगू शकतं. कोण खरं बोलतंय हे ठरवत बसू नये, दोन्ही लिहून घ्यावं. आमच्या भागातली मुलं "मला चिंता वाटते" असं म्हणत नाहीत. ती म्हणतात पोटात कालवतंय, कसंतरी होतंय, हातपाय गळतात, पोटात गोळा येतो. त्यांच्याच शब्दांत पुढचा प्रश्न विचारला की ती बोलतात. लहान मुलांना मी कागदावर एक उभी रेघ काढून देते. तळाशी शून्य, टोकाला आठ. एसटीत बसताना कुठे, फळ्यापाशी जाताना कुठे, रात्री एकट्याने संडासला जाताना कुठे, ते खूण करतात. दहा मिनिटांत भीतीचा नकाशा तयार होतो, आणि उपचार कुठून सुरू करायचा तेही त्यातच दिसतं.

चिंतेची लक्षणं विचारणाऱ्या प्रश्नावल्याही आहेत. पिट्सबर्गच्या डॉ. बोरिस बर्माहर यांच्या गटाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेली स्केअर्ड ही त्यातली बरीच वापरली जाणारी. आता तीत ४१ वाक्यं आहेत, आठ वर्षांवरील मुलांसाठी, एक प्रत मुलाने भरायची आणि एक पालकाने. प्रत्येक वाक्याला शून्य, एक किंवा दोन गुण, आणि बेरीज २५ किंवा जास्त झाली तर पुढे नीट तपासायचं. हे मुद्दाम लिहितेय, कारण हल्ली अशा प्रश्नावल्या मोबाईलवर फिरतात आणि पालक आकडा घेऊन येतात. २५ म्हणजे निदान नव्हे. आणि १८ आले म्हणून मूल ठीक आहे असंही नव्हे. जो मुलगा लोक काय म्हणतील म्हणून घाबरतो, तो कागदावरही सगळं छान आहे असंच लिहितो.

तीन गोष्टी विचारल्याशिवाय मी मुलाला घरी पाठवत नाही. पहिली, कुणी मारतं का, चिडवतं का, अंगाला नकोसा हात लावतं का. शाळेला जायची भीती खरीच साधार असेल, तर उपचार मुलावर करायचा नसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. दुसरी, वाचता-लिहिता येतं का. ऊसतोडीला गेलेल्या आई-बापाबरोबर दिवाळीपासून पाडव्यापर्यंत फडावर राहिलेलं मूल परत वर्गात बसतं तेव्हा पुस्तक बरंच पुढे गेलेलं असतं. त्याला वाचनाच्या तासाला घाम फुटतो, यात नवल नाही. त्याला आधी वाचायला शिकवणारं माणूस हवं. तिसरी, मोठ्या मुलांना, जगणं नको वाटतं का. हे विचारल्याने मुलाच्या डोक्यात काही नवीन शिरत नाही. उलट कितीदा तरी सुटकेचा श्वास ऐकू येतो.

हे सगळं कशासाठी, तर या आजारावर उपचार आहेत. २००८ मध्ये अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवर एक मोठा अभ्यास झाला. भीतीला थोडं थोडं सामोरं जायला शिकवणारी बोलण्याची उपचारपद्धती, म्हणजे सीबीटी, तेवढीच मिळालेल्या मुलांपैकी बारा आठवड्यांत सुमारे ६० टक्के चांगली सुधारली. सर्ट्रालिन हे औषध मिळालेल्यांत सुमारे ५५ टक्के, दोन्ही मिळालेल्यांत ८१ टक्के, आणि नुसती साखरेची गोळी मिळालेल्यांत २४ टक्के. अँटिबायोटिक सोडलं तर इतका फरक दाखवणारी औषधं माझ्या कपाटात फारशी नाहीत. पाचवीतल्या त्या मुलाला गोळी लागलीच नाही. सोलापूरच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने आधी आईने त्याला ऑपरेशनची सगळी हकीकत सांगितली, टाकेही दाखवले. मग शाळेतला फोन रोज एक, मग दिवसाआड, मग बंद. पोट दुखलं तरी शाळेत जायचं, शाळेत दुखलं तर बाईंजवळ बसायचं, घरी यायचं नाही. हा शेवटचा नियम आईला सगळ्यात जड गेला. भीतीला मान तुकवून आपण मुलाला घरी ठेवतो तेव्हा त्या दिवसापुरती सुटका होते आणि दुसऱ्या दिवशीची भीती वाढते, हे तिला पटायला वेळ लागला. पण तिने निभावलं.

आता सरकारकडे मागणं आहे, आणि त्यासाठीच आपल्या दैनिकाची जागा मागतेय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. ठरलेल्या ३० आजारांची आणि व्यंगांची तपासणी करतात. दात, डोळे, हृदय, रक्ताक्षय, ऑटिझम, अतिचंचलता, अध्ययन अक्षमता हे सगळं त्या यादीत आहे. चिंताविकार त्यात नाही. अतिचंचल मूल वर्गाला त्रास देतं म्हणून दिसतं, घाबरणारं मूल कुणालाच त्रास देत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. १२ राज्यांतल्या त्या पाहणीत महाराष्ट्र नव्हता, आणि तेराच्या खालची मुलं नव्हती. म्हणजे माझ्याकडे पोट धरून येणाऱ्या वयाचा त्यात हिशोबच नाही.

अमेरिकेतल्या सरकारनियुक्त तज्ज्ञगटाने २०२२ मध्ये ८ ते १८ वयाच्या सगळ्याच मुलांची चिंताविकारासाठी चाळणी करावी अशी शिफारस केली. ती तशीच्या तशी इथे उचलावी असं मी म्हणणार नाही. चाळणीत सापडलेल्या मुलाला पाठवायला जागा नसेल तर कागद भरून काय उपयोग? मी मागतेय ते यापेक्षा कमी आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी वर्गशिक्षकांनी तीन नावं काढून ठेवावीत: सुट्टीनंतरच्या दिवशी वारंवार गैरहजर राहणारं मूल, महिन्यात अनेकदा दुखणं सांगून घरी जाणारं मूल, आणि वर्गात अजिबात न बोलणारं मूल. पथकातल्या डॉक्टरांनी त्या मुलांना रांगेतून बाजूला घेऊन वीस मिनिटं द्यावीत. गरज वाटली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे या तपासणीत सापडलेल्या मुलांच्या पुढच्या उपचारांसाठी असलेल्या केंद्राकडे, पाठवावं. त्या केंद्राच्या मंजूर पदांत मानसशास्त्रज्ञाचं पद आहे, ते भरलेलं असावं. यासाठी नवी योजना लागत नाही, नवा फलकही लागत नाही.

पालकांना एक सांगणं. अशा मुलाला घेऊन डॉक्टरकडे जाताना तीन महिन्यांची हजेरी, मूल कधी झोपतं आणि कधी उठतं याची नोंद, आणि आधीचे सगळे रिपोर्ट बरोबर घ्या. शाळेत गप्प राहणारं मूल असेल तर घरातला एक व्हिडिओ घ्या. घरात कुणाचं आजारपण, मरण, भांडण, कर्जाची ओढाताण झाली असेल तर ते मुलासमोर नको, पण डॉक्टरला सांगा. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाईन १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे मुलांबद्दलही विचारता येतं.

आपली,
एक बालरोगतज्ज्ञ
बार्शी, जि. सोलापूर
(लहान गावात रुग्णांची ओळख पटू शकते, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)